टोचतंय त्याच्या शेजारी

२ फेब्रुवारी

ताई,

याआधीचं माझं शेवटचं पत्र शाळेत असताना मुख्याध्यापकांना गेलं होतं, रजेसाठी, आणि त्यात ताप आल्याची थाप होती. तेव्हा माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नकोस. तू फोन जमा करून बसलीस, तीन महिने बोलायचंही नाही म्हणतेस, मग माझ्यासारख्यानं पेन धरण्याशिवाय काय करायचं?

इकडे सगळं ठीक आहे. एका दंतवैद्याच्या दवाखान्यातले बाक आलेत मढवायला. आपला नंबर यायची वाट बघताना लोक रेक्झिन नखांनी कुरतडतात, त्यामुळे कडा उंदरांनी खाल्ल्यासारख्या दिसतात. अण्णा म्हणाले, यांना रेक्झिन कशाला, पत्रा ठोक.

अण्णा बरे आहेत. घसा अजून बसलेलाच आहे. जेवण जरा पातळ चाललंय, सूप वगैरे. ही त्यांच्यासाठी वेगळं करते आणि वर मलाच ऐकवते की तुझ्यासाठी कधी एवढं केलं नव्हतं. दुपारचे ते दुकानात उतरत नाहीत, वरच पडून असतात. वय झालं, दुसरं काय.

हे पत्र मी एका लांबलचक गॅलरीत बसून लिहितोय. इथल्या खुर्च्यांचा फोम पार चेपलाय आणि खालची पट्टी मांडीला लागते. ज्यानं हे काम केलं त्याला एकदा इथेच दिवसभर बसवला पाहिजे. कुठली गॅलरी ते विचारू नकोस, कामानिमित्त आलोय.

एक विचारायचं होतं. तुझं ते वाचून बसायचं जे आहे, ते एका मित्राला हवंय. तू स्वयंपाकघरात सांगितलं होतंस तेवढं मला आठवतं. एक पान घ्यायचं, सावकाश वाचायचं, पुस्तक मिटायचं, आणि त्यातलं आपल्याला काय टोचलं ते बघायचं. त्याच्यापुढचं विसरलो. टोचलं की मग काय करायचं? तू शेल्फावर ठेवून गेलेलं ते बिनकव्हराचं जाड पुस्तक त्याला वाचायला दिलं तर चालेल ना?

जमलं तर कळव. बोलायला बंदी आहे, लिहायला नसेल बहुतेक.

तुझा,
बारक्या


११ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर आलं नाही म्हणून आज तुमच्या मौनघरात फोन केला. व्यवस्थापक बाईंनी उचलला. आवाज इतका शांत, की मला वाटलं लाइन तुटली.

मी विचारलं, "माझं पत्र मिळालं का तिला?"

"आमच्याकडे आलंय," त्या म्हणाल्या. "पत्रं कपाटात ठेवतो आम्ही. ज्यांची त्यांना बाहेर पडायच्या दिवशी देतो."

म्हणजे मी जे काही लिहीन ते तू एप्रिलच्या मध्यावर वाचणार. मग आता लपवून कुणाचं भलं होणार आहे? खरं तेच लिहितो. ती गॅलरी हॉस्पिटलची होती, आणि मित्र वगैरे कुणी नाही.

तो एक्स-रे तुला आठवत असेल. तूच घेऊन गेली होतीस. अण्णांनी जन्मभर तोंडात खिळे धरून खुर्च्या मढवल्या. जिभेनं एकेक खिळा ओठावर आणायचा, चुंबकाच्या हातोडीनं उचलायचा, ठोकायचा. मी स्टेपलची गन आणली तर ती बंदूक दुकानाबाहेर ठेव म्हणाले. त्यांच्या हुंकारावरून अर्थ लावायला आपण दोघं बोलायच्या आधी शिकलो असू. त्यामुळे त्यांचा आवाज बसला, घास अडकायला लागला, तेव्हा आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एकच आलं. खिळा गिळला. त्यांनाही तेच वाटलं. तू त्यांना नेलंस, छातीचा आणि पोटाचा फोटो काढला, खिळा नाही. आपण किती हसलो. अण्णा तर गल्लीभर सांगत होते, पोटात एकही खिळा निघाला नाही, माझा हात अजून पक्का आहे. आणि मग तू हलक्या मनानं तुमच्या मौनघरात गेलीस.

दुसऱ्या कुठल्याही घरात माणसाचा आवाज बसला असता तर लोकांनी घसा बघितला असता. आपण खिळा शोधत बसलो.

घशात गाठ आहे, ताई. खाली पसरली आहे. डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा लहान असतील. कापायची वेळ निघून गेली, म्हणाल्या. मी विचारलं, एप्रिलपर्यंत? त्यांनी हातातल्या पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं आणि म्हणाल्या, सांगता येणार नाही.

व्यवस्थापक बाईंना मी हे सांगितलं नाही. नुसतं विचारलं, घरात काही कमीजास्त झालं तर तुम्ही काय करता? त्या म्हणाल्या, प्रत्येकाला आम्ही आत घेतानाच विचारतो. कुणी म्हणतं लगेच सांगा, कुणी म्हणतं काहीही झालं तरी सांगू नका. "तुमच्या बहिणीनं सांगितलंय की भावाला विचारा, तो म्हणेल तसं करा."

हे मला आधी सांगायचं तरी होतंस. फोन ठेवून मी किती तरी वेळ हातात कात्री घेऊन उभा होतो. काय कापायचं होतं तेच आठवेना.

बारक्या


२० फेब्रुवारी

ताई,

तुझं राहिलेलं वाक्य हिला आठवत होतं. तू मला सांगत होतीस तेव्हा ही भांडी लावत होती, आणि हिचे कान कसे आहेत ते तुला माहीत आहेच. ही म्हणाली, "टोचलं की काढायला जायचं नाही. त्याच्या शेजारी बसायचं. असं म्हणाल्या होत्या ताई."

मी ते अण्णांना सांगितलं. अजून त्यांना घोगरं का होईना, बोलता येतं. ते म्हणाले, "टोचतंय ते काढायचं नाही? गिऱ्हाईक उठून जाईल."

पण नाही म्हणाले नाहीत. मी सकाळी शटर उघडायच्या आधी वर जातो, खिडकीजवळच्या खुर्चीत बसतो आणि एक पान वाचतो. माझं वाचन म्हणजे काय, रेल्वेत घोषणा करतात तसं. पहिल्या दिवशी अण्णांनी हातानं खूण केली, सावकाश. दुसऱ्या दिवशी म्हणाले, अजून सावकाश, तुला कुठे गाडी पकडायचीय.

एका पानावर लिहिणाऱ्यानं म्हटलंय की दुःख दारात आलं की त्याला आत घ्यावं, बसायला जागा द्यावी. पुस्तक मिटून आम्ही गप्प बसलो. मी डोळे मिटून टोचतंय का बघतोय, आणि अण्णा हळूच म्हणाले, "कुठल्या खुर्चीत?" मी हसायला लागलो. तेही हसायला लागले आणि त्यांना ठसका लागला. तो ठसका थांबेचना. ही धावत आली. त्यांच्या ओठांवर थोडं रक्त होतं. ते पुसून झाल्यावर त्यांनी मला खूण केली, बस, पुस्तक अजून मिटलेलंच आहे.

तुला खरं सांगतो, माझ्यानं होत नाही हे. तुला यानं बळ आलं, मी डोळ्यांनी पाहिलं. मला पान वाचून होईपर्यंत बरं वाटतं, मिटल्यावर घाबरायला होतं. गप्प बसलं की त्यांचा श्वास ऐकू येतो. शिट्टीसारखा. मला उठून खाली जावंसं वाटतं, मशीन लावावंसं वाटतं, रेडिओ मोठ्यानं लावावासा वाटतो. तू म्हणायचीस, रोज बसत गेलं की मन घट्ट होतं. माझं पातळ होत चाललंय. काल दंतवैद्याच्या बाकाला फोम चिकटवताना रडलो. गिऱ्हाईक समोर होतं. सोल्युशनचा वास झोंबतो म्हटलं.

बारक्या


५ मार्च

ताई,

अण्णांचा आवाज गेला. हळूहळू गेला, म्हणून नेमका कधी गेला ते सांगता येत नाही. आता नाकातून नळी आहे, ही आणि मी आळीपाळीनं दूध घालतो. त्यांना काही सांगायचं असलं की काळ्या रेक्झिनच्या तुकड्यावर खडूनं लिहितात आणि तळहातानं पुसतात. माप घ्यायचा तोच चपटा खडू. अक्षर अजून सुरेख आहे, आपलं दोघांचं तसं कधीच आलं नाही.

तुला बोलवायचं की नाही यावरून घरात रोज भांडण होतं. म्हणजे भांडते ही, मी ऐकतो.

"त्या मुलगी आहेत त्यांची," ही म्हणाली. "तू कोण ठरवणार? उद्या त्यांनी विचारलं तर काय तोंड दाखवशील?"

"आणि ती पुन्हा जिन्यावर जाऊन बसली तर?"

"बसल्या तर बसल्या. आपण आहोत ना."

हिचं बोलणं ऐकताना पटतं. दुकानात उतरलो की मला तो जिना दिसतो. तुझी बिट्टी गेली तेव्हा तू स्वतःच्या घरातून इथे आलीस आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर बसलीस. वर आली नाहीस, खाली गेली नाहीस. गिऱ्हाइकं तुला ओलांडून जायची. मी तुला किती समजावलं, ओरडलो, एकदा दंडाला धरून ओढलंही. डॉक्टर आणले. तुझ्या लेकीचे फोटो लपवले, मग तूच शोधशील म्हणून पुन्हा बाहेर काढले. मला वाटायचं काहीतरी केलं की हे संपेल. आणि त्या गोळ्यांच्या दिवशी दार फोडलं ते अण्णांनी, मी नाही.

परवा वाचून बसलो होतो तेव्हा मला एकदम आठवलं की त्या सगळ्या दिवसांत अण्णा काय करत होते. ते स्टुलांच्या बैठका घेऊन तुझ्या खालच्या पायरीवर येऊन बसायचे. तोंडात खिळे, मांडीवर स्टूल. एक शब्द नाही. संध्याकाळी सामान उचलायचे, सकाळी पुन्हा आणायचे. मला तेव्हा वाटायचं, म्हातारा काही करत नाही.

मी हे त्यांना सांगितलं. त्यांनी लिहिलं, दुकानात उजेड कमी होता.

मग मी विचारायचं टाळत होतो ते विचारलं. आम्ही रोजच्यासारखं पान वाचून पुस्तक मिटलं होतं. एरवी काय टोचलं विचारलं की ते काहीतरी थट्टा लिहितात, पाठ टोचते, उशी टोचते, तुझं वाचन टोचतं. मी म्हटलं, "अण्णा, आज खरं लिहा. ताईला बोलवू का?"

त्यांनी खडू घेतला. मग लिहिलं, मला तिला बघायचंय. खाली लिहिलं, तिनं मला असं बघू नये.

"यातलं कुठलं करू?" मी विचारलं.

त्यांनी दोन्ही ओळींवर बोट ठेवलं. मग तळहातानं सगळं पुसलं. तुमच्या कुठल्या पानावर याचं उत्तर आहे ते सांग मला. माझं पुस्तक पालथं घालून झालं, ताई. लिहिणाऱ्याच्या घरी म्हातारे वडील आणि मोडून पुन्हा जोडलेली बहीण एकाच वेळी नसावेत.

बारक्या


१६ मार्च

ताई,

मी तुमच्या फाटकाबाहेरच्या बसथांब्यावर बसून लिहितोय. तू आत आहेस, या भिंतीपलीकडे.

काल रात्रीपासून अण्णांना ताप आहे. सकाळी ही म्हणाली, "आज नाही गेलास तर मी जाते." मी निघालो. बसमध्ये वाक्य जुळवत आलो. पक्कं ठरवून आलो होतो, घेऊनच जायचं.

व्यवस्थापक बाई दिसायला अगदी साध्या, चष्म्याची काडी चिकटपट्टीनं जोडलेली. मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही. माझं झाल्यावर म्हणाल्या, "मग बोलावू त्यांना?"

मी विचारलं, "कशी आहे ती?"

"तुम्ही बघा," त्या म्हणाल्या आणि मला वाचनघराच्या दाराशी घेऊन गेल्या. दाराला काच आहे, तुला माहीतच असेल. आत तुम्ही बऱ्याच जणी बसला होतात. एक नवी बाई होती, हुंदके देत होती, खांदे हलत होते. तू उठलीस, तिच्याजवळ जाऊन बसलीस. तिचं पुस्तक खाली पडलं होतं ते उचललंस, पान काढलंस आणि तिच्या पुढ्यात धरून ठेवलंस. तिच्याकडे बघितलं नाहीस, थोपटलं नाहीस. नुसतं धरून बसलीस. तुझा हात हलत नव्हता, ताई. दोन वर्षं ज्या हातात चहाचा कप ठरत नव्हता तो हात.

तुझे केस कापलेत. तुला बरे दिसतात.

बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. कुजबुजल्या, "बोलावू?"

मी बसमध्ये जुळवलेलं सगळं वाक्य तोंडात होतं. मी म्हटलं, "राहू द्या."

त्यांनी पुन्हा विचारलं, "नक्की?"

मी म्हटलं, "नाही. नक्की काही नाही. पण राहू द्या."

आता बस येईपर्यंत इथे बसलोय. मघापासून दोनदा उठून फाटकाशी जाऊन आलो. दुसऱ्यांदा पहारेकऱ्यानं विचारलं, काही विसरलात का? मी नाही म्हटलं. अजून वेळ आहे, अजून आत जाऊन सांगता येईल, हेच सगळ्यात वाईट आहे. बस आली तर सुटेन.

आली.


१७ मार्च

ताई,

घरी पोचलो तेव्हा ही दारातच होती. माझ्या मागे बघितलं, कुणी नाही म्हटल्यावर आत गेली. तेव्हापासून ही माझ्याशी कामापुरतंच बोलते. ताट वाढते, तेही आपटून.

अण्णा जागे होते. ताप उतरला होता. त्यांनी भुवया उंचावल्या.

मी म्हटलं, "भेटली. येते म्हणाली. थोडं राहिलंय तिचं, तेवढं आटपून येते."

त्यांनी रेक्झिन मागितलं. लिहिलं, चालते का?

"चालते. उठून एका बाईपर्यंत गेली, मी पाहिलं."

जेवते?

"गाल भरलेत जरा."

केस?

त्यांनी हे का विचारलं देव जाणे. लहानपणी तुझी वेणी तेच घालायचे म्हणून असेल. मी सांगितलं, कापलेत, मानेपर्यंत आहेत. त्यांनी तोंड वाकडं केलं, वेणीचा माणूस. मग त्या नव्या बाईचं सांगितलं, पुस्तक कसं धरलंस ते. हात दाखव, असं त्यांनी खुणेनं म्हटलं. मी तुझ्यासारखा हात धरून दाखवला. माझा थरथरत होता. मी म्हटलं, असा नाही, तिचा स्थिर होता.

ते बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिले. मग लिहिलं, पुरे.

येते म्हणाली हे खोटं होतं, ते त्यांना कळलं की नाही मला कळलं नाही. बघायचं होतं ते माझ्याकडून बघून घेतलं आणि तू त्यांना तसं बघू नयेस ही दुसरी गोष्टही सांभाळली, असं मी स्वतःला समजावतो. कधी कधी वाटतं त्यांनी खरंच मानलं आणि ते दाराकडे कान लावून आहेत. आज दुपारी जिन्यावर पाऊल वाजलं तेव्हा त्यांनी मान वळवली होती. रेक्झिन पोचवायला आलेला माणूस होता.

बारक्या


२९ मार्च

ताई,

अण्णा गेले. मंगळवारी सकाळी.

पान वाचून झालं होतं. बसूनही झालं होतं. दंतवैद्याचा टेम्पो बाक न्यायला आला म्हणून मी खाली उतरलो. बाक चढवले, दोरी बांधली, ड्रायव्हरशी थोडी हुज्जत घातली, कारण तो एक बाक उलटा ठेवत होता. वर आलो तर ही त्यांच्या उशाशी उभी होती, एक हात त्यांच्या कपाळावर. मला बघून म्हणाली, "आत्ताच." आणि मग पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलली. म्हणाली, "खाली बस आधी."

सगळं रीतसर उरकलं. गल्लीतले आले. डॉक्टरीणबाईही आल्या होत्या, माझ्या अपेक्षेबाहेर. तुझी चौकशी सगळ्यांनी केली. लांब आहे म्हणालो. कुणी म्हणालं, एवढी लांब की येताच येत नाही? हीच पुढे झाली आणि म्हणाली, "आम्ही कळवलंच नाही अजून." आम्ही म्हणाली. मला तिथल्या तिथे रडू आलं, अण्णांसाठी आलं नव्हतं एवढं.

मौनघरात फोन केला. व्यवस्थापक बाई म्हणाल्या, "आता सांगू का त्यांना?"

मी नाही म्हटलं. फोन ठेवला. पुन्हा लावला, म्हटलं सांगा. त्या म्हणाल्या, बरं, जाते. मी म्हटलं, थांबा. त्या थांबल्या. त्यांनी मला ओरडायला हवं होतं. मी म्हटलं, आता सांगून ती काय बघणार आहे? थोडेच दिवस राहिलेत, तिला पुरं करू दे. असं म्हटलं. यात किती तुझ्यासाठी होतं आणि किती तुझ्यासमोर उभं राहायचं पुढे ढकलण्यासाठी, ते मी रोज पुस्तक मिटून बघतो. कधी एक वाटतं, कधी दुसरं.

हो, अजून बसतो. समोरचा पलंग उचलला नाही. बसून मन घट्ट वगैरे झालेलं नाही, कृपा करून तुमच्या बाईंना तसं सांगू नकोस. पूर्वी उठून खाली पळावंसं वाटायचं, आता पळावंसं वाटतं आणि बसून राहतो. एवढाच फरक पडलाय. यालाच तुम्ही बळ म्हणत असाल तर फार फसवणूक आहे.

बारक्या


१० एप्रिल

ताई,

हे शेवटचं. परवा तू बाहेर पडतेस.

व्यवस्थापक बाईंना मी सांगून ठेवलंय की पत्रं तुला लगेच देऊ नका, मी भेटल्यानंतर द्या. नाहीतर तू वरचं उघडशील आणि तिथेच कळेल, कपाटापाशी उभी असताना, हातात पिशवी घेऊन. ते मला नको. म्हणजे हे तू वाचशील तेव्हा तुला सगळं माहीत असेल आणि तुझं माझ्यावर चिडून झालं असेल, किंवा तू अजून चिडलेली असशील. चीड हवी तेवढी. हिनं मला सांगून ठेवलंय, ताई बोलतील ते ऐकून घ्यायचं, कारणं द्यायची नाहीत. कारणं माझ्याकडे होती ती सगळी वर लिहून झाली, आणि आज वाचली तर त्यातलं एकही पुरेसं नाही. तू मला ठरवायला सांगितलंस, मी ठरवलं. तू आत असताना घरात जे घडलं ते आता मी काही केलं तरी तुला परत देता येत नाही. अण्णांनी तुझं एवढं ऐकलं माझ्याकडून, पण तुला त्यांचं ऐकवायला माझ्याकडे काय आहे? खडूनं लिहायचे, पुसायचे.

तू परत जिन्यावर बसलीस तर मी ओढणार नाही. तेवढं शिकलोय. मला खिळे धरता येत नाहीत, पण स्टूल घेऊन येईन.

ही सोबत यायला निघाली होती. मी नको म्हटलं. मग तीच म्हणाली, खरंय, दोघं दिसलो तर त्यांना आधीच कळेल.

मी फाटकापाशी उभा असेन. तू लांबून मला ओळखशील, हात करशील, हसशीलही बहुतेक, तीन महिन्यांनी माणूस बघितल्यावर हसूच येईल. मग तू माझ्या मागे बघशील. अण्णा आलेत का, कुठे सावलीत बसलेत का, ते शोधशील. तेवढ्यात मला बोलायला हवं. रोज सकाळी त्यांच्या पलंगासमोर बसून मी ते वाक्य म्हणून बघतोय. मोठ्यानं म्हणतो, सावकाश म्हणतो, त्यांनी शिकवलं तसं. 'ताई' एवढं नीट येतं. त्याच्यापुढे काही येत नाही.

बारक्या